अमेरिकेतल्या कॉलेजात नवीन आहात? तुमची फाईल कोण बघू शकतं आणि तुम्ही काय बोलू शकता

ऑगस्टमध्ये अमेरिकेला जाणाऱ्या मुलांच्या ग्रुपवर बॅगेचं वजन, सिमकार्ड, रूममेट, बँक अकाउंट सगळ्यावर चर्चा झडते, पण कॉलेज आपल्याबद्दल काय काय साठवून ठेवतं, ते कोणाला दाखवतं आणि कॅम्पसवर आपण तोंड कितपत उघडू शकतो यावर कोणी अवाक्षर काढत नाही. मग पहिली सेमिस्टर संपते, निकाल लागतो, आणि कोणाचे तरी बाबा भारतातून थेट रजिस्ट्रार ऑफिसला (विद्यार्थ्यांच्या नोंदी सांभाळणारं ऑफिस) फोन लावतात, "माझ्या मुलाचे मार्क सांगा, फी मीच भरलीये". तिकडची बाई अगदी गोड आवाजात सांगते की सर, मी काहीच सांगू शकत नाही. बाबांना वाटतं मुलाने काहीतरी लपवलंय, मुलाला वाटतं ऑफिसने मुद्दाम त्रास दिला. दोघंही चूक, ती बाई कायदा पाळत असते.

तर हे सगळं नव्या माणसाला कळेल असं सांगतो. एक गोष्ट आधीच डोक्यात घ्या की तिकडे हक्क भरपूर आहेत पण ते आपोआप चालू होत नाहीत, प्रत्येक हक्काला एक ऑफिस, एक फॉर्म आणि एक तारीख चिकटलेली असते, आणि तोंडी बोललेलं काही मोजत नाहीत. जे काही करायचं ते ईमेलवर करायचं.

पायरी १: तुमचं कॉलेज सरकारी आहे की खाजगी ते बघा

हे सगळ्यात आधी, कारण बोलण्याच्या स्वातंत्र्याचा पूर्ण खेळ यावर आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेची पहिली दुरुस्ती सरकारला बांधते, खाजगी संस्थेला नाही. म्हणजे राज्य सरकारचं विद्यापीठ असेल तर तुमच्या मतामुळे ते तुम्हाला शिक्षा करू शकत नाही, खाजगी असेल तर त्यांनी स्वतःच्या नियमावलीत जे वचन दिलंय तेवढंच तुमच्या हातात.

नावावरून मात्र काहीही ठरवू नका, भलतीच फसगत होते. युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनिया खाजगी आहे आणि पेनसिल्व्हेनिया स्टेट सरकारी बाजूची. युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया ऐकायला सरकारी वाटतं पण खाजगी आहे. पर्ड्यू आणि रटगर्स माणसांची नावं आहेत तरी दोन्ही सरकारी. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी खाजगी, स्टेट युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्क सरकारी. नॉर्थईस्टर्न, कार्नेगी मेलन, स्टॅनफर्ड खाजगी. कॅलिफोर्नियात एक वेगळी सोय आहे, १९९२ च्या लेनर्ड कायद्यामुळे तिथल्या खाजगी कॉलेजांनाही (धार्मिक संस्थांना सूट आहे) बोलण्याबद्दल बऱ्यापैकी सरकारी कॉलेजांसारखंच वागावं लागतं. बाकीच्या राज्यांत खाजगी कॉलेजात गेलात तर स्टुडंट हँडबुक हीच तुमची घटना समजा आणि त्याची पीडीएफ पहिल्याच आठवड्यात डाउनलोड करून ठेवा, तारखेसकट, कारण हे लोक वर्षाच्या मध्येही पानं बदलतात.

रेकॉर्डच्या प्रायव्हसीला मात्र हा फरक लागत नाही. त्याचा कायदा (फेर्पा, पुढच्या पायरीत येतोच) केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याचा पैसा घेणाऱ्या सगळ्या संस्थांना लागू आहे, आणि फायनान्शियल एडच्या रूपाने तो पैसा जवळपास प्रत्येक कॉलेज घेतं.

पायरी २: 'फेर्पा' म्हणजे काय ते एकदा समजून घ्या

पूर्ण नाव फॅमिली एज्युकेशनल राइट्स अँड प्रायव्हसी ॲक्ट, साल १९७४. तिकडे सगळे नुसतं फेर्पा म्हणतात, तुम्हीही तेच म्हणा, ऑफिसातल्या लोकांना लगेच कळतं. मुलगा शाळेत असतो तेव्हा हे हक्क आईवडिलांचे असतात, पण मुलगा १८ चा झाला किंवा कॉलेजात शिकायला लागला (मग वय १७ असलं तरी) की ते त्याच्या स्वतःच्या नावावर जातात. फी कोण भरतं याचा इथे काही संबंध नाही.

हक्क मोजून चार आहेत: स्वतःची फाईल बघणं, त्यात चूक असेल तर दुरुस्त करायला सांगणं, तुमच्या लेखी परवानगीशिवाय ती बाहेर न जाणं, आणि हे पाळलं नाही तर केंद्राकडे तक्रार करणं. कॉलेजला दरवर्षी या हक्कांची सूचना तुम्हाला द्यावी लागते, ती बहुतेक एका कंटाळवाण्या ईमेलमध्ये येते जी कोणी उघडत नाही. उघडा.

आता "परवानगीशिवाय बाहेर नाही" याला भोकंही बरीच आहेत. कामासाठी गरज असलेला कॉलेजचाच कर्मचारी बघू शकतो, तुम्ही दुसऱ्या कॉलेजात ट्रान्सफर घेत असाल तर तिकडे फाईल जाऊ शकते, कोर्टाचा आदेश आला तर द्यावी लागते, कोणाच्या जिवाला धोका असेल तर देता येते. कॅम्पस पोलिसांनी त्यांच्या कामासाठी ठेवलेली नोंद तर फेर्पाच्या बाहेरच येते. आणि तुमचा वर्गमित्र किंवा रूममेट याला फेर्पा अजिबात लागत नाही, त्याने तुमचा जीपीए (सगळ्या विषयांच्या ग्रेडची सरासरी) गावभर सांगितला तर कायदा काही करू शकत नाही, दोस्तीचं काय करायचं ते तुम्ही बघा.

पायरी ३: डिरेक्टरी इन्फर्मेशन, पहिल्या दोन आठवड्यांतच बघायची गोष्ट

हे सगळ्यात दुर्लक्षित प्रकरण. कॉलेज काही माहितीला 'डिरेक्टरी इन्फर्मेशन' ठरवू शकतं आणि ती तुम्हाला न विचारता कोणालाही देऊ शकतं: नाव, पत्ता, फोन, ईमेल, फोटो, जन्मतारीख, मेजर (मुख्य विषय), कुठल्या काळात शिकत होता, डिग्री, बक्षिसं. यातलं नक्की काय काय उघड ठेवायचं ते प्रत्येक कॉलेज आपापलं ठरवतं, काही जण फक्त नाव आणि मेजर ठेवतात, काही घरचा पत्तासुद्धा. मार्क, जीपीए, सोशल सिक्युरिटी नंबर, नागरिकत्व, धर्म हे मात्र यात येऊ शकत नाही.

हे बंद करायचा हक्क तुम्हाला आहे. स्टुडंट पोर्टलमध्ये जा, प्रायव्हसी सेटिंग किंवा 'डिरेक्टरी होल्ड' असं काहीतरी सापडेल, नाही सापडलं तर रजिस्ट्रारला ईमेल करा. मुदत असते, बऱ्याचदा सेमिस्टर सुरू झाल्यावर थोडेच दिवस, म्हणून म्हटलं पहिल्या दोन आठवड्यांत.

पण थांबा, डोळे झाकून सगळं बंद करू नका. पूर्ण होल्ड टाकला की बाहेरून कोणी विचारलं तर ऑफिस सांगतं की या नावाबद्दल आम्ही काहीच माहिती देऊ शकत नाही, आणि हे 'कोणी' म्हणजे तुम्हाला नोकरी देऊ पाहणारी कंपनी असू शकते जी फक्त डिग्री खरी आहे का ते तपासतेय. पदवीदानाच्या पुस्तिकेतून नाव गायब होतं ते वेगळंच. आणि हा होल्ड तुम्ही काढत नाही तोपर्यंत पास झाल्यावरही तसाच राहतो, त्यामुळे पहिल्या सेमिस्टरला कोणीतरी सांगितलं म्हणून टाकला आणि विसरला, मग ऑफर लेटर हातात असताना बॅकग्राउंड चेक अडकला, असं होऊ शकतं. माझं मत असं की पोर्टलमध्ये एकेक गोष्ट वेगळी बंद करता येत असेल तर पत्ता, फोन आणि जन्मतारीख बंद करा, नाव-मेजर-डिग्री चालू ठेवा. कोणी पाठलाग करतंय, घरून किंवा जुन्या नात्यातून धोका आहे असं असेल तर मात्र बिनधास्त पूर्ण होल्ड टाका, नोकरीचं नंतर बघता येतं.

एक लक्षात ठेवा की होल्ड टाकला म्हणून वर्गात तुम्ही निनावी राहू शकत नाही, प्रोफेसर नाव घेणारच आणि वर्गाच्या ऑनलाइन पानावर ते दिसणारच.

पायरी ४: घरच्यांना काय दाखवायचं ते तुम्ही ठरवा, पण ठरवा

अमेरिकन आईवडिलांसाठी एक पळवाट आहे, मुलगा त्यांच्या टॅक्सवर अवलंबून दाखवलेला असेल तर कॉलेज त्यांना माहिती देऊ शकतं (द्यावीच लागते असं नाही). आपले आईबाबा तिकडे टॅक्स भरत नाहीत त्यामुळे ही पळवाट आपल्याला सहसा लागूच होत नाही. २१ च्या आतल्या मुलाने दारू किंवा ड्रग्जचा नियम मोडला तर कॉलेज पालकांना कळवू शकतं, आणि जिवावरचा प्रसंग असेल तरी कळवू शकतं. एवढं सोडलं तर तुमची लेखी संमती पाहिजे.

बरीच मुलं काय करतात, सरळ पोर्टलचा पासवर्ड घरी देऊन टाकतात. कृपा करून हे करू नका, त्या पासवर्डवर कोर्स ड्रॉप होतो, बँक डिटेल बदलतात, आणि कॉलेजच्या नियमात पासवर्ड शेअर करणं बहुतेक ठिकाणी गुन्हाच धरतात. त्यापेक्षा 'प्रॉक्सी ॲक्सेस' किंवा 'फेर्पा रिलीज' नावाचा फॉर्म असतो, त्यात कोणाला, काय आणि कशासाठी हे तिन्ही लिहावं लागतं, सही आणि तारीख लागते. यात तुम्ही म्हणू शकता की आईला फक्त फीचं बिल दिसू दे, मार्क नको. किंवा मार्क दिसू देत, शिस्तभंगाचं काही नको. आणि वाटेल तेव्हा काढूनही घेता येतं.

माझा सल्ला विचाराल तर फीचं बिल तरी दाखवा. वायर ट्रान्सफर करणारा माणूस भारतात आहे, त्याला रक्कम तुमच्या व्हॉट्सॲप स्क्रीनशॉटवरून वाचायला लावण्यात काही अर्थ नाही. मार्कांचं तुमचं तुम्ही आणि बाबा बघून घ्या. फक्त निकालाच्या दिवशी फोनवर हे पहिल्यांदा सांगण्यापेक्षा जायच्या आधीच घरी बसून सांगा की बाबा, तिकडे कायदाच असा आहे.

पायरी ५: स्वतःची फाईल मागून बघा

मागणी लेखी करा, कॉलेजला जास्तीत जास्त ४५ दिवसांत ती दाखवावी लागते. ईमेल दोन ओळींचं पुरतं: मी अमुक, माझा स्टुडंट आयडी तमुक, फेर्पाखाली माझ्या ॲडमिशन, डिपार्टमेंट आणि शिस्तपालन ऑफिसकडच्या नोंदी बघायच्या आहेत, वेळ कळवा. कुठल्या ऑफिसकडच्या नोंदी हव्यात ते नाव घेऊन लिहा. "माझं सगळं रेकॉर्ड द्या" असं लिहिलं की नुसती मार्कशीट पुढे सरकवतात.

इथे एक बारीक गोष्ट आहे, कायदा 'बघू देणं' सांगतो, कॉपी देणं नाही. तुम्ही इतके लांब असाल की प्रत्यक्ष जाणं शक्य नाही तर मात्र कॉपी किंवा दुसरी काहीतरी सोय करावी लागते. कॉपीचे पैसे लावू शकतात, फाईल शोधून काढायचे नाही. आणि सही-शिक्क्याचं अधिकृत ट्रान्सक्रिप्ट ही वेगळी वस्तू आहे, फी थकली म्हणून कॉलेज ते अडवू शकतं की नाही हे राज्याच्या कायद्यावर आणि केंद्राच्या नियमांवर ठरतं, पण फाईल डोळ्यांनी बघणं त्या कारणाने अडवता येत नाही.

ॲडमिशनची फाईलसुद्धा बघता येते, पण त्या कॉलेजात शिकायला लागल्यावरच, जिथे नाकारलं तिथली नाही. २०१५ मध्ये स्टॅनफर्डच्या मुलांनी हा हक्क वापरायचा सपाटा लावला होता आणि अर्ज वाचणाऱ्यांनी मारलेले शेरे बघायला मागितले, त्यानंतर काही कॉलेजांनी असे शेरे ठेवायचेच बंद केले. कायदा असलेलं रेकॉर्ड दाखवायला लावतो, जपून ठेवायला लावतो असं नाही. फक्त तुमची मागणी आलेली असताना ते नष्ट करता येत नाही.

काय दिसणार नाही: प्रोफेसरने फक्त स्वतःच्या आठवणीसाठी लिहिलेलं टिपण, आईवडिलांची आर्थिक कागदपत्रं, आणि ज्या शिफारसपत्रांवरचा हक्क तुम्ही सोडलाय ती.

शिफारसपत्रांचं थोडं सांगतो कारण अर्ज भरताना तो चौकोन प्रत्येकाला दिसतो. "मी हे पत्र बघायचा हक्क सोडतो" यावर टिक करायची की नाही? कायद्याने जबरदस्ती करता येत नाही, टिक केली नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. पण व्यवहारात सगळे टिक करतात, कारण पत्र लिहिणारा मोकळेपणाने लिहितो आणि वाचणाराही ते पत्र खरं धरतो. प्रोफेसरवर भरवसा असेल तर टिक करून टाका, नसेल तर त्यांच्याकडून पत्र घेताच कशाला.

फाईलमध्ये चूक सापडली, नाव चुकीचं, क्रेडिट ट्रान्सफर झालेलं दाखवत नाही, दुसऱ्याच कोणाची नोंद तुमच्या नावावर, तर लेखी दुरुस्ती मागा. नाही म्हणाले तर सुनावणी मागा. सुनावणीतही हरलात तर तुमचं म्हणणं एका पानावर लिहून द्या, ते त्या नोंदीला कायम जोडून ठेवावं लागतं आणि ती नोंद जिथे जाईल तिथे ते पान जातं. पण "मला बी मिळायला हवा होता सी दिला" हे फेर्पामध्ये बसत नाही, त्याला ग्रेड अपीलची वेगळी वाट आहे. पेपरवर ८८ आणि पोर्टलवर ७८ चढलं तर मात्र बसतं.

पायरी ६: टीए (टीचिंग असिस्टंट) झालात तर तुम्ही कायद्याच्या दुसऱ्या बाजूला

एमएसला गेलेली आपली बरीच मुलं दुसऱ्या सेमिस्टरपासून टीए किंवा ग्रेडर होतात, आणि त्या दिवसापासून इतरांचे मार्क सांभाळणं तुमची जबाबदारी. तपासलेल्या पेपरांचा गठ्ठा ऑफिसबाहेर खुर्चीत ठेवून "आपापला घेऊन जा" म्हणायचं नाही. नाव आणि मार्क असलेली शीट ग्रुपवर टाकायची नाही, सोशल सिक्युरिटी नंबरचे शेवटचे चार आकडे लिहून लावलेली यादीसुद्धा चालत नाही. मित्राने विचारलं की अमक्याला किती पडले, तर हसून विषय बदला. वर्गात एकमेकांचे पेपर तपासायला देणं मात्र चालतं, सुप्रीम कोर्टाने २००२ मध्ये ओवासो खटल्यात तसं सांगितलंय.

याची उलटी बाजूही आहे, टीएशिप तुम्हाला विद्यार्थी म्हणूनच मिळाली असल्यामुळे त्या नोकरीची तुमची फाईलसुद्धा फेर्पाखाली येते, तीही बघायला मागता येते.

पायरी ७: डॉक्टर, काउन्सेलर आणि कोणाला काय सांगावं

काउन्सेलिंग सेंटरमधली उपचाराची नोंद वेगळी ठेवतात, ती डीनला किंवा तुमच्या गाइडला जाऊन कोणी वाचून दाखवत नाही, आणि घरी फोनही जात नाही. अपवाद जिवाला धोका असेल तेव्हाचा. लाज वाटते म्हणून किंवा व्हिसावर परिणाम होईल या भीतीने मुलं जात नाहीत, जा.

मात्र प्रोफेसर, आरए (हॉस्टेलवर लक्ष ठेवणारा विद्यार्थी), इंटरनॅशनल ऑफिसमधली सल्लागार हे लोक काउन्सेलरसारखे गुप्तता पाळायला बांधलेले नसतात, लैंगिक छळाबद्दल काही सांगितलं तर बऱ्याच कॉलेजांत त्यांना ते टायटल नाइन ऑफिसला (अशा तक्रारी बघणारं ऑफिस) कळवावंच लागतं. त्यामुळे नुसतं मन मोकळं करायचं असेल तर आधी विचारा, "तुम्ही कॉन्फिडेन्शियल आहात का?" हाच शब्द वापरा, खरं उत्तर मिळतं.

अपंगत्व, एडीएचडी, नैराश्य यासाठी परीक्षेत जादा वेळ हवा असेल तर डिसॅबिलिटी ऑफिसात नोंदणी करा, प्रोफेसरला फक्त "दीडपट वेळ द्या" असं पत्र जातं, आजाराचं नाव जात नाही.

पायरी ८: आता बोलण्याचं

सरकारी कॉलेज असेल तर पाया भक्कम आहे. १९६५ मध्ये आयोवातल्या शाळकरी मुलांनी व्हिएतनाम युद्धाविरुद्ध दंडाला काळ्या पट्ट्या बांधल्या, शाळेने घरी पाठवलं, १९६९ मध्ये सुप्रीम कोर्ट मुलांच्या बाजूने उभं राहिलं, हा टिंकर खटला. १९७२ मध्ये हीली खटल्यात कोर्टाने सांगितलं की सरकारी कॉलेज एखाद्या विद्यार्थी संघटनेला तिचे विचार आवडत नाहीत म्हणून मान्यता नाकारू शकत नाही. पुढच्याच वर्षी मिसूरी विद्यापीठाने एका विद्यार्थिनीला अश्लील वाटणारं व्यंगचित्र असलेला पेपर वाटला म्हणून काढलं होतं, तिला परत घ्यायला लावलं. अलीकडचं बघायचं तर २०२४ मध्ये अपील कोर्टाने टेनेसी विद्यापीठातल्या फार्मसीच्या विद्यार्थिनीच्या सोशल मीडिया पोस्ट संरक्षित आहेत असं म्हटलं, "आमच्या पेशाला शोभत नाही" एवढं कारण पुरलं नाही.

म्हणजे काहीही चालतं का? नाही. खरी धमकी नाही, लगेच दंगा पेटेल अशी चिथावणी नाही, बदनामी नाही, आणि एखाद्याच्या मागे लागून त्याचं शिकणंच अशक्य होईल इतका गंभीर आणि सतत छळ नाही. नुसतं घाणेरडं, जातीय किंवा वंशद्वेषी बोलणं भारतात गुन्हा ठरू शकतं, अमेरिकेच्या कायद्यात तेवढ्यावरून ते संरक्षणाबाहेर जात नाही, हे आपल्याला पचायला जड जातं पण तसंच आहे. तुमच्याविरुद्ध बोलणाऱ्यालाही तेच संरक्षण.

कॉलेज काय करू शकतं, तर वेळ, जागा आणि पद्धत ठरवू शकतं. लायब्ररीत मेगाफोन नाही, रात्री तंबू नाही, बोर्डावर अमुक आकाराचंच पोस्टर. अट एवढीच की नियम सगळ्यांना सारखा हवा. दिवाळीच्या पोस्टरला परवानगी लागत नाही आणि निषेधाच्या पोस्टरला लागते, असं दिसलं तर दोन्ही पोस्टरांचे फोटो काढून ठेवा, तारखेसह. वर्गात मात्र विषय प्रोफेसर ठरवतो, थर्मोडायनॅमिक्सच्या तासाला निवडणुकीवर भाषण द्यायचा हक्क कोणालाच नाही.

कुठे मोर्चाला जायचं असेल तर आधी वेबसाइटवर 'डेमॉन्स्ट्रेशन पॉलिसी' शोधून वाचा. २०२४ च्या आंदोलनांनंतर खूप कॉलेजांनी हे नियम कडक केलेत, सीनियर सांगतात ती माहिती जुनी असू शकते.

पायरी ९: एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असाल तर हे वेगळं वाचा

आय-२० वर (व्हिसासाठी कॉलेज देतं तो फॉर्म) सही करताना खालची बारीक अक्षरं वाचा. तुमचं स्टेटस ठरवायला लागणारी माहिती होमलँड सिक्युरिटी खात्याला द्यायला तुम्ही कॉलेजला परवानगी देताय असं तिथे लिहिलेलं असतं. म्हणजे फेर्पाचा पडदा त्या बाजूने अर्धा उघडाच. पत्ता, फुलटाइम आहात की नाही, ग्रॅज्युएशन, सस्पेन्शन हे सेव्हिस नावाच्या, परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी सिस्टिममध्ये जातंच, आणि पत्ता बदलला की १० दिवसांत कळवायचं काम तुमचं.

बोलण्याच्या बाबतीत, अमेरिकेत राहणाऱ्या परक्या माणसालाही बोलण्याचं स्वातंत्र्य आहे हे सुप्रीम कोर्टाने १९४५ मध्येच मानलंय. पण कॉलेजने शिक्षा न करणं आणि सरकारने व्हिसा रद्द न करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मार्च २०२५ मध्ये टफ्ट्समधल्या एका परदेशी पीएचडी विद्यार्थिनीला रस्त्यावरून ताब्यात घेतलं, तिने वर्षभर आधी विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रात इतरांबरोबर एक लेख लिहिला होता. मे महिन्यात कोर्टाने तिला सोडलं, पण मधले सहा आठवडे ती डिटेन्शनमध्येच होती. त्याच वसंतात हजारो विद्यार्थ्यांचे सेव्हिस रेकॉर्ड अचानक बंद झाले, काहींचे तर किरकोळ ट्रॅफिक प्रकरणावरून, आणि कोर्टात धडाधड अर्ज पडल्यावर एप्रिलच्या शेवटी ते परत चालू करायला सुरुवात झाली.

व्हिसाच्या डीएस-१६० या ऑनलाइन अर्जाच्या फॉर्ममध्ये गेल्या पाच वर्षांतली सोशल मीडिया अकाउंट २०१९ पासून विचारतात, आणि जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना ती अकाउंट पब्लिक ठेवायला सांगतात. फॉर्मवर खोटं लिहू नका, पोस्टपेक्षा ते जास्त अंगाशी येतं.

मग बोलायचं की गप्प बसायचं? हे मी तुमच्यासाठी ठरवणार नाही. मोर्चाला जाणार असाल तर एवढं करा: अटक होईल अशा जागी थांबू नका (पोलिसांनी पांगा म्हटलं की निघा, कारण आरोप मागे घेतला तरी अटकेची नोंद व्हिसाच्या प्रश्नात परत परत येते), इमिग्रेशन वकिलाचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा, आणि सुट्टीत भारतात येण्याआधी व्हिसाची स्थिती तपासून घ्या. इंटरनॅशनल ऑफिस मदत करतं पण ते कॉलेजचं आहे, तुमचं वकील नाही.

पायरी १०: शिस्तभंगाची नोटीस आली तर

आपल्या मुलांना मोर्च्यापेक्षा कोड शेअर करण्यावरून नोटिसा जास्त येतात, हे खरं. ईमेल येतं, "अकॅडेमिक इंटिग्रिटी, कृपया अमुक दिवशी भेटा". भेटीत एक फॉर्म पुढे येतो, जबाबदारी मान्य करा, शिक्षा हलकी, विषय संपला. घाबरून लगेच सही करू नका. तुमच्याविरुद्ध नेमकं काय आहे ते बघायला मागा, ते तुमचंच रेकॉर्ड आहे. विचार करायला काही दिवस मागा. सोबत कोणाला नेता येतं ते नियमात वाचा, बहुतेक ठिकाणी एक सल्लागार चालतो, फक्त तो तुमच्या वतीने बोलू शकत नाही. ओम्बड्स ऑफिस (तक्रारीत तटस्थपणे मदत करणारं) आणि स्टुडंट लीगल सर्व्हिसेस (विद्यार्थ्यांसाठी वकिली सल्ला) असतील तर त्याच दिवशी गाठा, त्याचे पैसे तुमच्या फीमधून बहुधा आधीच कापलेले असतात. लीगल सर्व्हिसेस कॉलेजविरुद्धच्या प्रकरणात उभं राहत नाही असं बऱ्याच ठिकाणी आहे, ते आधी विचारून घ्या.

सरकारी कॉलेज असेल तर काढून टाकण्याआधी आरोप काय ते सांगणं आणि तुमचं ऐकून घेणं बंधनकारक आहे. हा नियम आला कुठून माहितीये? १९६० मध्ये अलाबामा स्टेट कॉलेजच्या कृष्णवर्णीय मुलांनी माँटगोमेरीत गोऱ्यांसाठी राखीव लंच काउंटरवर बसून निषेध केला, कॉलेजने काहीही न विचारता त्यांना काढलं, आणि १९६१ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की असं चालणार नाही. खाजगी कॉलेजात पुन्हा तेच, हँडबुकमध्ये लिहिलेली पद्धत त्यांनी पाळली का ते ओळ धरून तपासा.

अपीलची मुदत फार छोटी असते, काही ठिकाणी पाचच कामाचे दिवस. मुदत पत्रातच असते, बहुतेक शेवटच्या परिच्छेदात.

पायरी ११: कॉलेजनेच नियम मोडला तर

आधी रजिस्ट्रारला लेखी कळवा, काय झालं, कधी कळलं, काय हवंय. उत्तर नाही आलं तर केंद्रीय शिक्षण खात्यातल्या स्टुडंट प्रायव्हसी पॉलिसी ऑफिसकडे तक्रार, ऑनलाइन फॉर्म आहे, पैसे लागत नाहीत, पण घटना घडल्यापासून किंवा तुम्हाला कळल्यापासून १८० दिवसांच्या आत. फेर्पावरून तुम्ही स्वतः कॉलेजवर नुकसानभरपाईचा दावा ठोकू शकत नाही, सुप्रीम कोर्टाने २००२ मध्ये गोंझागा खटल्यात ते दार बंद केलं. सरकारी कॉलेजने बोलण्यावरून शिक्षा केली तर मात्र कोर्टात जाता येतं, तिथे एसीएलयू किंवा फायर सारख्या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संस्था फुकट मदत करतात, सगळीच प्रकरणं घेतात असं नाही. तक्रारीला जोडायचे ईमेल कॉलेजच्या अकाउंटवरून स्वतःच्या अकाउंटवर आधीच काढून ठेवा, कारण सस्पेन्शन झालं की बऱ्याचदा पहिल्यांदा लॉगिन बंद होतं.